पोखऱ्याला ठेवलेली गाडी

"दिदी, या वर्षी ही गाडी विकून टाकायची."

मी असं म्हणाले तेव्हा दिलमाया दिदी माझ्या मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये कोंबलेली चिंधी ओढून काढत होती. उंदीर घर करतात म्हणून दर वर्षी मी निघाले की ती चिंधी कोंबायची आणि मी आले की काढायची. चिंधी निम्मी बाहेर आली आणि तिचा हात तिथंच थांबला.

"विकायची म्हणजे?"

"म्हणजे विकायची. गिऱ्हाईक ठरलंय. तो ट्रेकिंगवाला गुरुङ कोजागिरी झाली की घेऊन जाईल. त्याआधी मी एकदा वर मुक्तिनाथाला जाऊन येते. शेवटचं."

"आणि मग तू काय करशील?"

"मी काय, घरी बसेन."

"तू बसशील?" दिदी हसली. "चहाला उकळी फुटेपर्यंत तुला बसवत नाही, बहिनी."

खोटं नव्हतं. आल्यापासून मी गॅरेजच्या अंगणात येरझारा घालत होते. टायर दाबून बघ, क्लचची वायर ओढून बघ, सीटवर अंडं घालायला बसलेल्या कोंबडीला हाकल. आमचं बोलणं हिंदीतलं, तिच्या हिंदीत निम्मी नेपाळी. तिच्या भाषेत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. ती माझी दिदी, म्हणून तिचा नवरा लोकबहादुर हा माझा भिनाजू, म्हणजे बहिणीचा नवरा. ही नाती मला कुणी शिकवली नाहीत, दोन चहांत ती आपोआप लागली.

गाडी परदेशात कशी, ते सांगायला हवं. मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. गाळप सुरू झालं की आम्हाला मरायला फुरसत नसायची, ते मला चालायचं. हंगाम संपला की मात्र माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. नवरा गेला तेव्हा मी चाळिशीच्याही आत होते. वर्ष झाल्यावर वहिनीनं, मन रमेल म्हणून, मला नेपाळातल्या मुक्तिनाथाच्या यात्रेच्या बसमध्ये बसवून दिलं. मन कसलं रमतंय! खिडकीशी डोकं आपटून घेत मी पोखऱ्यापर्यंत आले. बेनीच्या अलीकडे बसचा पाटा तुटला. नवा पाटा घेऊन पोखऱ्याहून मोटरसायकलवर एक काटक माणूस आला आणि बसखाली शिरला. किल्ली गाडीलाच होती. बाबांनी मला शाळेत असताना मोटरसायकल शिकवली होती, त्यानंतर हात लावला नव्हता. मी बसले आणि नदीकाठच्या वळणापर्यंत जाऊन आले. यात्रेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बसखालचा माणूस तेल पुसत बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "ब्रेक कसा वाटला?"

तो लोकबहादुर. पुढच्याच वर्षी त्याच्याकडून मी एक जुनी गाडी घेतली. कराडहून आपली गाडी चालवत न्यायची तर रजा उत्तर प्रदेशातच संपते, आणि सीमेवर दिवसागणिक पैसे भरून परवानगी घ्यावी लागते. परदेशी माणसाच्या नावावर इथं गाडी होत नाही असं भिनाजू म्हणाले, म्हणून ती दिदीच्या नावावर झाली. कराडात सगळे म्हणाले, वेडी का खुळी तू? दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या दारात गाडी ठेवतेस? ठेवली. दर दसऱ्याला, कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत, मी पोखऱ्याला जायची, गाडी काढायची आणि काली गंडकीच्या काठाकाठानं वर मुक्तिनाथापर्यंत जाऊन यायची. उरलेलं वर्ष गाडी दिदीच्या जुन्या रजईखाली उभी असायची आणि मी प्रयोगशाळेत उसाचा रस तपासत मनातल्या मनात तिचे गिअर बदलायची.

ठेवण्याबद्दल त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. पहिल्या वर्षी दिदीनं एकच अट घातली होती.

"दाना गावाच्या पुढं, रस्त्याच्या वरच्या अंगाला, संत्र्याच्या झाडांत एक चहाचं घर आहे. तिथं थांबायचं. गाडी कुणाची म्हणून विचारलं तर पोखऱ्याच्या लोकबहादुर विश्वकर्माकडची म्हणायचं. दसैंचे, म्हणजे तुमच्या दसऱ्याचे दिवस आहेत, ते टिळा लावतील. लावून घ्यायचा. आणि परत इथं येईपर्यंत धुवायचा नाही."

आपल्याकडे गाडीला लिंबू-मिरची बांधतात तसलं काहीतरी असेल, असं मला वाटलं. मी थांबले. त्या घरात एक म्हातारा आणि त्याची म्हातारी. म्हातारा हिंदुस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेला गुरखा सुभेदार, केस अजून बारीक कापलेले, हिंदी कवायतीच्या मैदानावरची. गाडी कुणाची ते त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो उठला, हात धुतले, दह्यात तांदूळ कालवले आणि माझ्या कपाळावर थापले. आमच्या मगर जमातीच्या लोकांचा टिळा पांढरा असतो, म्हणाला. मग डोक्यावर हात ठेवून एकेक शब्द तोलून बोलला, "तुझं सौभाग्य अखंड राहो. तुझ्या माणसाच्या हाताला यश येवो, लोखंड त्याचं ऐको. पोरं शिकून शहाणी होवोत."

मला ना नवरा, ना पोरं. कराडात हळदीकुंकवाला गेले तर कुंकवाचं बोट माझ्यापाशी यायचं, अडखळायचं आणि पुढच्या बाईकडे जायचं. या परक्या म्हाताऱ्याला काय माहीत? मी डोळे मिटून ते सगळं घेतलं. तुम्ही चुकताय, असं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, पुढं मी वर्षभर त्या टिळ्याची वाट बघायला लागले. हेल्मेटखाली वाळलेले तांदूळ खाजत खाजत मी पोखऱ्याला परत यायची. दिदी मला उंबऱ्यातच बसवायची, कपाळावरचा एकेक दाणा नखानं सोडवून ओंजळीत घ्यायची आणि देवापाशी नेऊन ठेवायची. म्हातारा बरा आहे का, विचारायची. म्हातारीला दिसतं का, विचारायची. मला वाटायचं, भली बाई आहे.

तर त्या वर्षी मी विकायचं बोलले. कारण दादा. माझा थोरला भाऊ चांगला माणूस, भांडला असता तर बरं झालं असतं; पण तो रडला. म्हणाला, "शैला, तिकडं दरीत पडलीस तर तुला धुंडायला मी कुठं येऊ गं? आईनं देवाला एकच मागितलंय, हिला एका जागी बसायची बुद्धी दे. आता पुरे कर." त्यानं स्वतःच्या घराशेजारी मला खोली बघून ठेवली होती. रडणाऱ्या भावापुढं काय बोलणार? मी हो म्हणून बसले. तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

दिदीनं उरलेली चिंधी ओढून काढली, तिची घडी घातली आणि म्हणाली, "मग या वेळी मी येते. मागं बसून."

"कुठं?"

"दानाला."

इतक्या वर्षांत ती गाडीवर कधी बसली नव्हती. गॅरेजमधून भिनाजू बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं.

"दिलमाया, नको," ते म्हणाले.

"एकदाच."

"काय होईल तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण गाडी गेली की मग कोण जाणार?"

भिनाजूंनी हातावरचं ग्रीस पुसलं. मग हातोडी आणि तेलाचा डबा घेऊन गाडीपाशी बसले आणि मागच्या माणसासाठी असलेली, कित्येक वर्षं न उघडलेली पायटेकं ठोकून ठोकून उघडायला लागले.

सकाळी आम्ही निघालो. दिदीनं नवी साडी नेसली होती, वरून भिनाजूंचं जाकीट, तोंडाला धुळीसाठी शाल गुंडाळलेली. मला न धरता ती मागची कडी घट्ट धरून बसली. कुश्मा गेलं. बेनीला चहाला थांबलो तेव्हा ग्लास हातात घेऊन ती म्हणाली,

"ते माझं माहेर आहे, बहिनी."

"कुठलं?"

"जिथं तू टिळा लावून घेतेस."

"तो म्हातारा?"

"माझा बा."

मग तिनं सांगितलं. भिनाजू विश्वकर्मा, म्हणजे लोहारकाम करणारे. तिकडच्या लोकांच्या लेखी ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असे. ही मगर, सुभेदाराची मुलगी. दानाला नदीवर झुलता पूल बांधत होते, त्या कामावर लोकबहादुर आला होता. पुढचं काय सांगायचं, दोघं पळून गेले. बापानं गावासमोर जिवंत मुलीचे दिवस घातले. डोकं भादरलं, तेरा दिवस अळणी जेवला आणि मुलगी मेली म्हणून जाहीर केलं. त्यानंतर ती बेनीच्या पुढं कधी गेली नव्हती. तिची मुलं कॉलेजात पोचली होती.

"त्यांना ठाऊक आहे, मी तुझ्याकडून येते ते?"

"कसं ठाऊक असेल? लोकबहादुर किती असतात! मला फक्त कळायला हवं होतं, दोघं जिवंत आहेत की नाहीत. दसैंला बापाच्या हातचा टिळा नसेल तर बाईला उभं राहायला जमीन नाही, असं आमच्यात म्हणतात. मला लावणार नाही, पण तुझ्या कपाळावर त्याच्या बोटांचे ठसे असायचे. ते तरी बघायला मिळायचे."

"आज त्यानं दारातून हाकललं तर?"

"तर हाकलेल," ती म्हणाली. "पण बघून हाकलेल ना!"

बेनीच्या पुढं रस्ता म्हणजे नुसता नावाचा. दरडी, चिखल, रस्त्यावर आलेले ओढे. एरवी मी या पट्ट्यात उभी राहून गाडी हाकायची आणि वेडी होऊन ओरडायची. आज दिदीचाच धीर सुटत चालला होता. पाणी प्यायचंय, थांब. चपलेचा अंगठा गेला, थांब. तातोपानीला गरम पाण्याच्या कुंडापाशी ती उतरली आणि तोंड धुऊन आली, पाच मिनिटांनी पुन्हा धुवायचंय म्हणाली. एका जागी न बसवणाऱ्या मला त्या दिवशी थांबत थांबत जावं लागलं. दाना ओलांडलं आणि मागून आवाज आला,

"गाडी वळव."

"काय?"

"वळव, बहिनी. मला नाही जायचं."

"इथं वळत नाही. रस्ता अरुंद आहे," मी म्हणाले. तिथून एक अख्खा ट्रक वळून गेलेला तिनंही पाहिला होता. मागची कडी सोडून तिनं माझ्या कमरेला मिठी मारली.

म्हातारा ओट्यावर बसला होता. गाडीचा आवाज ऐकून तो नेहमीसारखा उठला, डोळ्यांवर हात धरून त्यानं पाहिलं, आणि मागच्या सीटवर कुणीतरी आहे हे दिसल्यावर होता तिथंच उभा राहिला. दिदी उतरली आणि अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर, गाडीला चिकटून उभी राहिली. शाल तिनं तोंडावरून काढली नाही. मी एकटी आत गेले.

"उशीर केलास," म्हातारा म्हणाला.

"रस्ता खराब होता."

"बस."

दही-तांदळाची थाळी तयार होती. त्यानं हात धुतले. थाळीतलं होतं नव्हतं ते सगळं त्यानं माझ्या कपाळावर थापलं. मग डोक्यावर हात ठेवून बोलायला लागला, आणि आज तो मोठ्यानं बोलत होता. मी हातभर अंतरावर बसलेली असताना तो परेडला उभं असल्यासारखा ओरडत होता.

"तुझं सौभाग्य अखंड राहो! तुझ्या माणसाच्या हाताला यश येवो, लोखंड त्याचं ऐको! पोरं शिकून शहाणी होवोत!"

माझा नवरा तलाठी होता. त्यानं आयुष्यात पेनाखेरीज काही हातात धरलं नाही. लोखंडाचं काय ते मी दर वर्षी ऐकत होते आणि मोटरसायकलमुळे म्हणत असेल असं समजत होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नव्हतं. पहिल्या वर्षापासून नव्हतं. मी वर्षभर ज्याची वाट बघायची ते दुसऱ्याच्या नावचं टपाल होतं, मी फक्त पोचवत होते. मला रडू आलं, आणि ते दिदीसाठी होतं की माझ्यासाठी, मला अजून सांगता येत नाही.

"ती कोण?" म्हाताऱ्यानं माझ्याकडेच बघत विचारलं.

"गाडी ज्यांच्या घरी असते त्या."

"चहा घेईल?"

"तुम्हीच विचारा."

त्यानं विचारलं नाही. म्हातारी दारात येऊन उभी होती. तिची नजर अधू झालेली, पण ती गडग्याकडेच बघत होती. ती आत गेली आणि दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला. दुसरा घेऊन गडग्यापर्यंत गेली, तो दगडावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघून दोन पावलं मागं सरली. आई आणि लेक, मधे गडगा.

दिदीनं शाल खाली केली, पाठ वळवून चहा प्याली. मग गडग्याबाहेरच्या नळापाशी गेली, कप विसळला, आणखी एकदा विसळला, आणि गडग्यावर पालथा घातला.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर अशाच वेगळ्या कपबश्या असायच्या, आणि प्यायलेल्यानं आपली आपण विसळून ठेवायची. दिदी आपल्या बापाच्या दारात आपला कप आपण विसळत होती. कुणी सांगितलं नव्हतं. ते पाहून मला तिथं क्षणभर बसवेना. मी ताडकन उठले.

"बाबा, आम्ही निघतो," मी म्हणाले. "आणि ऐका. मला नवरा नाही. कधीच गेला. पोरंबाळं नाहीत. तुम्ही इतकी वर्षं जिच्यासाठी मागत आलात ती तिथं उभी आहे. कप विसळतेय."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तुझं कुणी नाही ते. पहिल्या वर्षी सौभाग्य म्हणालो तेव्हा तुझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईला असं पाणी कधी येतं ते मला कळतं. लढाईत मेलेल्या पोरांच्या घरी निरोप घेऊन मीच जायचो." तो खाली बसला. "मी काय करू, पोरी? मी माझ्या हातानं तिला मारलं. सगळ्या गावाला तेराव्याचं जेवण घातलं. मेलेल्याला टिळा लावता येत नाही. मग लोकबहादुरच्या दारातून गाडी आली, तू बसलीस समोर. म्हटलं, चला, जिवंत कपाळ तरी आलं. इथून लावलं तर तिथं पोचेल."

"पोचत होतं," मी म्हणाले. "दाणान् दाणा पोचत होता. देवापाशी ठेवते ती."

म्हातारीला नेपाळीच काय ती बोलता येत होती, पण आमच्या हिंदीतलं तिला सगळं समजलं असावं. ती नवऱ्याला काहीतरी एकच वाक्य बोलली. ते मला कळलं नाही. दिदीनं मागाहून सांगितलं. ती म्हणाली होती, "मी पण मरेन आता, मग माझे दिवस खरेखुरे घाल."

म्हातारा उठला. गडग्यापाशी गेला, पालथा कप उचलला, सुलटा केला आणि आपल्या ओट्यावर, आपल्या कपाशेजारी आणून ठेवला. मग माझ्यासमोर आला.

"वाक."

मी वाकले. त्यानं अंगठ्यानं माझ्या कपाळावरचा ओला टिळा, भिंतीचा गिलावा काढावा तसा, सगळाच्या सगळा निपटून तळहातावर घेतला. तो तळहात दुसऱ्या हातानं झाकून, सांडू नये म्हणून हळूहळू, एकेक पाऊल टाकत तो गडग्याबाहेर गेला. दिदी त्याच्याहून उंच होती. तिनं मान खाली घातली. त्यानं टिळा लावला. आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, पण मघाशी एवढं ओरडणाऱ्या त्या सुभेदाराच्या तोंडून आवाजच फुटेना. त्यानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. मग म्हातारीनं हंबरडा फोडला, ती दगडांत ठेचकाळत धावली, आणि त्यानंतरचं मी पाहिलं नाही. मी तोंड फिरवून गाडीची चेन तपासायला लागले. चेन एकदम ठीक होती.

माझं कपाळ गार लागत होतं. कोरं. इतक्या वर्षांत मी तिथून कोऱ्या कपाळानं कधी निघाले नव्हते. वाटलं, झालं, आता इथलं आपलं काम संपलं. टपाल ज्याचं त्याला मिळालं. गाडीही विकायलाच निघालोय. बरोबरच आहे सगळं. आणि तरी वाटत होतं, तिथून पुढं, मुक्तिनाथ काय, तिबेटपर्यंत न थांबता गाडी हाकावी.

"ए," मागून म्हाताऱ्याचा आवाज आला. "कुठं चाललीस?"

"कुठं नाही."

"इकडं ये. बस."

त्याच्या हातात पुन्हा थाळी होती. दिदीनं दही आणलं होतं घरातून. म्हणजे ती आत जाऊन आली होती.

"तुझा राहिला," तो म्हणाला. "तुझ्या कपाळावर इतकी वर्षं मी दुसरीचंच मागत आलो. तुझ्यासाठी काही मागितलंच नाही. बोल, काय मागू?"

सौभाग्य नको होतं, पोरं आता होणार नव्हती. नवरा गेल्यापासून प्रत्येकानं माझ्यासाठी काही ना काही मागितलं होतं. शांती मागितली, धीर मागितला, आईनं मागितलं ते तर दादानं रडत सांगितलंच होतं. पण तुला काय हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. मी दिदीकडे पाहिलं. ती कपाळावर बापाचा टिळा घेऊन ओट्यावर बसली होती, आईचा हात तिच्या मांडीवर होता, आणि ती आता चार दिवस तिथून हलणार नाही हे उघड दिसत होतं. तिला बसायला जागा मिळाली होती, आणि मला फार बरं वाटत होतं. पण मला तसली जागा नको होती. कधीच नको होती. खोली बघून ठेवणाऱ्या दादाला ते कसं सांगायचं ते मला कळलं नव्हतं, एवढंच.

"बाबा," मी म्हणाले, "एका जागी बसायची बुद्धी मला कधी होऊ नये, एवढं मागा."

म्हातारा हातात दही-तांदूळ घेऊन माझ्याकडे बघत राहिला. असलं मागणं आजवर त्याच्याकडे कुणी आणलं नसणार. दिदी रडत होती ती फिस्सकन हसली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागं उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. मग त्यानं माझ्या कपाळावर मूठभर टिळा दाबला, डोक्यावर हात ठेवला, पाठ ताठ केली, आणि खाली नदीपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात माझ्यासाठी तेच मागितलं.